जर्मनच्या घागरीचं गाणं

कापसाच्या पऱ्हाट्या जळल्याचा वास आला की माझ्या तळहाताला अजून हलगीची ऊब जाणवते. नामांतराच्या लढ्याच्या वर्षांत आमची चौघांची गायन पार्टी पालमकडच्या वस्त्यांतून विद्यापीठाच्या नावाची गाणी म्हणत फिरायची. पेटी एकाची, आवाज दोघांचे, हलगी माझी. त्या दिवशी ऊन कलताना एका वस्तीवर पोचलो तर माणसं आधीच येऊन बसलेली, म्हणून घाईघाईत पऱ्हाट्यांचा जाळ करून कातडं ताणावं म्हणून मी हलगी शेकायला घेतली, ती विस्तवाच्या फार जवळ धरली आणि पहिलं टिपरू पडताच कातडं उभं फाटलं. नवं गाणं, सगळं ठेक्यावर बांधलेलं. पेटीवाला माझ्याकडं बघंना. कडेला कोसभरावरून पाणी आणणारी एक बाई थांबली होती. तिनं डोक्यावरची जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, घागर उतरवली, भरलेलं पाणी मातीत ओतलं, घागर माझ्यापुढं पालथी घातली आणि म्हणाली, "हेच्यावर वाजव. आमी गाणं आयकायला थांबलोत, हलगी बघायला न्हाई." घागर लय कर्कश वाजली, पण गाणं असं पेटलं की लोकांनी तीनदा म्हणायला लावलं, आणि पुढं धड हलगी सोबत असली तरी ते गाणं घागरीशिवाय कुणी ऐकून घेईना. आज चार माणसं मला ओळखतात ती त्याच गाण्यामुळं. नावासाठी गात हिंडणाऱ्या आम्हाला तिचं नाव विचारायचं मात्र सुचलं नाही. गाणं संपल्यावर पोचे पडलेली घागर घेऊन ती पुन्हा पाण्याच्या वाटेला लागली, म्हणून घरात पाणी भरताना पहिली ओंजळ मी अजून मातीत सोडतो.