राजम्माचं हाड

हे मी आईजवळ बोललो नाही, ज्यांच्याबरोबर तुरुंगात जायच्या गप्पा मारल्या त्या मित्रांजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतो — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

भानामतीविरुद्धचं माझं पत्रक सोलापुरात बऱ्याच जणांनी वाचलं. शुक्रवार पेठेत तर पानाच्या दुकानावर डकवलेलं होतं. मी विशीत होतो, पत्रकं वाचतच वाढलेला. जगात एक खरं असतं आणि एक थोतांड, आणि मधली रेघ मला स्वच्छ दिसते — असं वाटायचं.

आमच्या बोळात एक तेलुगू विणकर कुटुंब होतं. त्यांची राजम्मा, परकरातली पोर, मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. एकदा तिला मोठा ताप आला, नडगी सुजली, फुटली. ताप गेला, भोक राहिलं. त्यातून पू यायचा, आणि मधूनच — हाडाच्या कपच्या. बोळ हादरला. भानामती, म्हणाले लोक. देवऋषी आला, लिंबं कापली. आणि मी काय केलं? लिहिलं, की जित्या माणसाच्या अंगातून हाड येत नाही. कामाचा कंटाळा म्हणून पोरगी बोकडाच्या हाडाचे तुकडे जखमेत खोचते.

इथवर अज्ञान होतं. तेवढंच असतं तर —

छापखान्यात पत्रकाचे खिळे जुळून तयार होते, छपाई व्हायची होती. मी काय लिहिलंय ते बोळात पसरलं होतं; तेव्हा तिच्या आईनं, नरसम्मानं, मला हाक मारली. भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून, तिनं पोरीचे हात सुतानंच पाठीमागं बांधले.

"बसा हितं," ती म्हणाली. "बोकड कुटं बांदलाय, ते पन बगून घ्या."

बसलो. माग थांबलेला होता. भोकाच्या तोंडाशी काहीतरी पांढरं दिसत होतं, नव्या दातासारखं. राजम्मानं पाय ताणला की ते वर यायचं, सैल सोडला की आत जायचं — आत कुणी बसून डोकावतंय जणू. चिमटा मीच लावला. ओढावं लागलं नाही. ते आलं. बोटाएवढं, राखाडी, कीड लागल्यासारखं भोकाभोकांचं, आणि वजन म्हणाल तर नाहीच. राजम्मा रडली नाही. म्हणाली, "माजंच हाय की ते. द्या हिकडं."

मी ते खिशात घातलं. तपासतो म्हणालो.

आता सांगा, माझ्या डोळ्यांदेखत आलेलं ते हाड मी कुठे ठेवणार होतो? ते खरं मानलं तर देवऋषी जिंकत होता. माझ्या पत्रकात दोनच जागा होत्या — भानामती किंवा लबाडी. नुसता आजार असू शकतो, कुणा डॉक्टरला विचारावं, हे सुचलं नाही म्हणू? सुचलं होतं. छापखान्याच्या पायरीपर्यंत सुचत होतं. आत शिरलो आणि म्हणालो, चालू द्या.

चौकात मी ते पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. लोक हसले. राजम्माचा बाप गर्दीत उभा होता. घरी जाऊन त्यानं तिची नडगी धोतराच्या पट्टीनं करकचून बांधली, काही खोचता येऊ नये म्हणून, आणि तिला कांड्यांवर बसवलं. पुन्हा ताप चढला. पट्टी कुणी सोडली नाही — लबाड पोरीची कशाला सोडायची? मी बोळातून जाताना ती कण्हायची, ते ऐकू यायचं. मी रस्ता बदलला.

पुढे एका डॉक्टरला विचारलं, दुसऱ्याच कुणाचं म्हणून. पू हाडात शिरला की हाड आतल्या आत मरतं, तो म्हणाला, आणि मेलेला तुकडा शरीर बाहेर ढकलतं. वाट मोकळी ठेवावी लागते. बंद केली तर विष रक्तात जातं.

पुढे काय होतं, ते मला तोवर कळलंच होतं. राजम्माला नेलं तेव्हा बोळातल्यांबरोबर मीही खांदा दिला. नरसम्मानं माझ्याकडे पाहिलं. हाड माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. ते मी तिच्याबरोबरही ठेवलं नाही.