खड्डे पाडलेल्या सुऱ्या

देवजीदादा लोहार गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली. हाताने घडवलेल्या सुऱ्यांच्या शौकिनांचा आमचा एक ग्रुप आहे. त्यावर दादाच्या एका सुरीचा फोटो, खाली ‘थोर कारागीर हरपला’, आणि लगेच एकाचा प्रश्न : कुणाकडे त्यांची एखादी शिल्लक आहे का? मला शिसारी आली. पण त्या फोटोतली सुरी पाहून आली ती त्याहून जास्त... कारण तशी सुरी मीच करवून घेतली होती.

मोखाड्याच्या शाळेत शिकवत होतो तेव्हा दादाच्या भात्यापाशी जाऊन बसायचो, नुसतं बघायला. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं लोखंड तापवून तो कोयते, विळे, सुऱ्या घडवायचा. आधी गिऱ्हाइकाचा पंजा हातात घेऊन न्याहाळायचा, मगच मूठ कोरायचा. साखरशेतची एक डावखुरी बाई भाताच्या राबासाठी शेतात जाळायच्या फांद्या तोडायला कोयता मागायला आली, तर त्याने तिच्यासाठी धारेचा उतार दुसऱ्या अंगाने काढला. पण त्याचा खरा जीव पात्याच्या अंगात. हातोड्याचा एकही ठोका दिसता कामा नये. कानस, मग दगड, मग पुन्हा कानस... “खड्डा ऱ्हायला तं त्यात चीक बसतो, मंग गंजतो,” असं म्हणत अंगठा फिरवत राहायचा. देशोदेशीच्या आजच्या सुरीकारांचं काम मी फोटोंत डोळे भरून पाहत आलोय. इतकं नितळ पातं क्वचित पाहिलं.

ते कौतुक मला पोटात ठेवता आलं नाही. मी फोटो ग्रुपवर टाकले. मागणी आली, पण अट घालून : हाताचं काम वाटलं पाहिजे, ठोके दिसू द्या. गाढवाला गुळाची चव काय, म्हणून सोडून द्यायचं, तर मी तो निरोप घेऊन निर्लज्जासारखा त्याच्या दारात गेलो.

“गुरुजी, येवढा घासून सपाट केलाय. आता परत खड्डे पाडू?”

“त्यांना तसंच आवडतं, दादा.”

“कापनार काय त्यानी?”

“काही नाही. काचेच्या कपाटात ठेवतात.”

तो हसला नाही. तयार पातं पुन्हा तापवलं, अंगभर ठोके मारले आणि माझ्यासमोर धरलं. “तोंडावर देवी आल्यावानी दिसतंय. नेऊन दे त्यांना. पन माझा नाव नको सांगू.”

मी सांगितलं. मला मिरवायचं होतं. पुढे तशा बऱ्याच झाल्या, एक माझ्यासाठीही मागून घेतली, आणि प्रत्येकीबरोबर त्याचं नाव गेलं. ज्या कामाची त्याला लाज वाटायची, त्याच कामासाठी आज लोक हळहळतायत. या माणसांचा वीट आलाय मला, आणि त्यांच्यात पहिला मी आहे.

पंधरा दिवसांनी दादाच्या बायकोला, वहिनींना, भेटायला गेलो. म्हटलं, दादाचं एखादं चांगलं पातं द्या, लोकांना खरं काम दाखवतो.

“चांगला कोन घरात ठेवील, गुरुजी? ते समदे रानात गेले, कामाला.”

मग कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीतली कोयती काढून त्यांनी माझ्या हातात दिली. पात्यावरून अंगठा सरकला, कुठे अडला नाही... मी मोबाइल काढला.

“लवकर करा. कारवी तोडायला जायचंय मला.” आणि कोयती परत आकडीत अडकवताना त्यांनी सहज विचारलं, “तुमच्याकडं पन असंल ना एखादा, त्यांच्या हातचा?”

“आहे,” मी म्हणालो. कसा आहे, ते सांगायची हिंमत झाली नाही.