टिटवीचं ओलं पोट

माजलगावच्या धरणावरची टिटवीची अंडी मी मारली. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

चैत्रात धरणाचं पाणी मागे हटतं आणि मेलेले मासे, दारूच्या बाटल्या, काळा चिखल उघडा पडतो. त्या घाणीपलीकडच्या खड्यांत टिटवीने अंडी घातली होती. ती दाखवली माझ्या मित्राने. आम्ही एकाच शाळेत शिकवतो; पक्षी बघायची गोडीही त्यानेच लावली. कुत्री-शेळ्या येऊ नयेत म्हणून त्याने अंड्यांभोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या होत्या.

"लांबून बघायचं बे," तो म्हणाला. "ती उठली की आपण मागं फिरायचं. तुझं एकदा बूड टेकलं की उठत न्हाई, म्हणून सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. ऊन तापलं की टिटवी पाण्यात पोट भिजवते आणि तशीच येऊन अंड्यांवर बसते. त्यांना गारवा मिळतो. मला तो फोटो हवा होता. मी फांद्यांजवळच ठाण मांडलं. ती भिजून यायची, मला पाहून ओरडत घिरट्या घालायची, वाळायची, परत पाण्याकडे जायची. दर खेपेला वाटायचं, आता बसेल. माझ्या डोक्यावर ओला टॉवेल होता.

दुपार कलताना फोटो मिळाला. ती पाण्याच्या कडेला उभी, पोटावरून पाणी ठिबकतंय. मग मी अंडं उचललं. हाताला चटका बसला. फोडून पाहिलं. आत पिल्लू होतं, शिजलेलं. तिथंच ओकलो आणि उरलेली अंडी पाण्यात भिरकावली.

मित्राला नंतर रिकामी जागा दिसली, फांद्यांवर कावळ्यांची शीट दिसली.

"मीच मारली बे त्यांना," तो म्हणाला. "काटे लावले आन् कावळ्याला बसायला जागा करून दिली. लई शहाणा मी!"

"असू दे," मी म्हणालो. एवढंच.

त्यानंतर तो धरणावर आलाच नाही. दुर्बीणही मला देऊन टाकली. फोटो मात्र हौसेने मागून घेतला; लांबूनच काढलेला, असं मी सांगितलं होतं. तो त्याच्या बैठकीत टांगलाय. त्याखाली चहा पिताना मला अजून त्या अंड्याचा वास येतो. परवा तो पाहुण्यांना म्हणाला, "अंडी माझ्यामुळं गेली, पण ह्याच्यामुळं एवढं तरी राह्यलं."

मी बिस्कीट उचललं. स्वतःची किळस आली, तरी खाल्लं.

अंडी त्याने नाही, मी मारली. एवढं एक वाक्य मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.