आईच्या रक्तातला वाटा

बोर्तोलोला जेवताना बघणं ही आमच्या धक्क्यावरची एक करमणूकच होती. माझा बार तिथेच, होड्यांसमोर, त्यामुळे मला ती रोज फुकटात मिळे. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पोलेंता, त्यावर वितळतं लोणी, बाजूला डुकराची दोन जाडजूड सॉसेजं, आणि लोणी कमी घातलं म्हणून वर मलाच टोमणे. कुणी पर्यटक टक लावून बघायला लागला की हा बाही वर करून हाताची शीर दाखवायचा. म्हणायचा, आमचं रक्त वेगळंय, चरबी चिकटतच नाही.

ही अगदीच थाप नव्हती. गार्दा तळ्याच्या आमच्या काठाला पूर्वी रस्ताच नव्हता, त्यामुळे सोयरिकी गावातल्या गावात. कुण्या एका जुन्या जोडप्याकडून रक्तातला एक वेगळा गुण काही घरांत उतरत आला. तो ज्याच्यात असतो त्याच्या रक्तवाहिन्या म्हातारपणीही सहसा तुंबत नाहीत, असं मिलानहून आलेल्या डॉक्टरांनी शोधून काढलं. तेव्हा गावभर सुया फिरल्या. बोर्तोलोची आई दोमेनिका भाग्यवंतांत निघाली. हा मात्र सुईच्या भीतीने सकाळीच होडी घेऊन पसार झाला, तो अंधार पडल्यावर उगवला. आईला आहे म्हणजे मला आहेच, असं त्याने आपलं आपणच ठरवून टाकलं. मी म्हटलं, तुझी आई गोड गायची, तू गातोस का? तर आठवडाभर माझ्याशी अबोला.

त्याचा धाकटा भाऊ जेर्वाझिओ म्हणजे दुसरं टोक. तो तरुणपणी ब्रेशा शहरात कारखान्यात होता, त्यामुळे गावातल्या त्या सुया त्याच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. तिथल्या डॉक्टरने त्याच्या रक्ताचा रिपोर्ट बघून कपाळाला हात लावला, कारण चांगलं कोलेस्टेरॉल जवळजवळ नव्हतंच. तेव्हापासून हा बिचारा उकडलेल्या पाल्यावर जगतोय. निवृत्त होऊन गावी आला तरी माझ्याकडे येऊन मागणार काय, तर गरम पाणी आणि लिंबाची फोड. बोर्तोलो त्याला ससा म्हणायचा.

गेल्या वसंतात लिंबाच्या बागेची चढण चढताना बोर्तोलोच्या छातीत कळ आली. त्याची बायको पिएरिना समोरच्या काठाची. नवऱ्याच्या रक्तावर तिचा कधीच विश्वास नव्हता. तो दवाखान्यात एकटा जाईना, म्हणून तिने जेर्वाझिओलाही धरून नेलं आणि दोघांचंही रक्त काढायला लावलं.

निघालं ते भलतंच. आईचा गुण आला होता सशाला. त्याचा रिपोर्ट वाईट दिसायचा तो त्या गुणामुळेच. अशा माणसांत चांगलं कोलेस्टेरॉल मोजायला कमी भरतं, पण काम चोख करतं. बोर्तोलोच्या वाट्याला मात्र गुण आलाच नव्हता, आणि वाईट कोलेस्टेरॉल हवं तेवढं होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, हे आडनावाबरोबर येत नाही, प्रत्येक मुलाच्या वेळी छापा की काटा. आता रोज गोळी घ्यायची आणि लोणी-सॉसेज विसरायचं, नाहीतर पुढची कळ शेवटची ठरेल.

गावात कळलं तर तोंड कुठे लपवू, म्हणून बोर्तोलोने बायकोला शपथ घातली. तिने ती माझ्याकडे येऊन मोडली हे बरंच झालं. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या बारमध्ये हजर. गोळ्या घरी खिडकीत पडलेल्या आणि हा नेहमीचंच मागतोय. नाही म्हणावं तर चारचौघांत त्याचं बिंग फुटणार. मला त्याचा संताप आला होता आणि मनातून भीतीही वाटत होती. जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढला आणि शेवटी थाळी नेऊन आदळली.

तेवढ्यात जेर्वाझिओ आला, समोर बसला आणि थाळी स्वतःकडे ओढून खायला लागला. ज्याने लोण्याकडे कधी डोळा वर करून पाहिलं नव्हतं, तो घाम पुसत सॉसेजचे तुकडे गिळत होता.

"हे काय चालवलंयस?" बोर्तोलोने विचारलं.

"तू मागवत जा, मी खात जाईन. मला काही होत नाही म्हणे. तू मेलास तर मला ससा कोण म्हणणार?"

एवढं बोलून तो उठला आणि धक्क्यावर जाऊन त्याने खाल्लेलं सगळं तळ्यातल्या माशांना ओकून दिलं. रक्त आईचं असलं तरी पोट पाल्याचं होतं. बोर्तोलो त्याच्या मागे धावला. बराच वेळ त्याची पाठ चोळत उभा होता. त्याला घेऊन परत आला तेव्हा बोर्तोलोचे डोळे लाल होते.

"माझ्यात ते रक्त नाही. याच्यात आहे," तो सगळ्यांना म्हणाला. "कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या."

पहिली हसले ती मीच, आणि हसताहसता रडायला लागले.

आता तो सगळ्यांदेखत गोळी घेतो आणि पाल्याला अशी नावं ठेवतो, जसा काही तो मी मुद्दाम त्याला छळायला पिकवलाय. रविवारी जेर्वाझिओसाठी सॉसेजचा एक लहानसा तुकडा असतो. तो बोर्तोलोच कापून देतो आणि चव कशी आहे ते त्याच्याकडून खोदून खोदून ऐकतो. पर्यटक आला की बाही अजूनही वर होते, फक्त ती जेर्वाझिओची असते.