समोरच्या गॅलरीतली साडी

वणीच्या बाजारलाईनीत दुकानं अजून लागतात, पण वरच्या खोल्यांत राहायला कोणी येत नाही. सारे आमच्यासारखेच गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये घरं बांधून गेले. खालचा इस्त्रीवाला मात्र हातातली इस्त्री न थांबवता येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, "खोली पाह्यता काय? वरतं हवा मस्त येते."

परवा मी त्याच्याकडे कपडे घ्यायला गेलो असताना एक नर्सबाई खोली पाहायला आल्या. त्याआधी त्यानं समोरच्या रिकाम्या गॅलरीत बायकोची साडी वाळत घातली होती.

"समोर कोणी राह्यते काय?" बाईंनी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बोट केलं. "हे भाऊ राह्यते न."

ते समोरचं घर माझंच. सोडून बरीच वर्षं झाली. "हो," मी म्हटलं.

बाई गेल्यावर तो साडी काढायला निघाला. ती केव्हाच वाळली होती.

"राहू दे," मी म्हटलं, "ओलीच हाय अजून."