दुखण्याला मार्क किती

पुलापलीकडच्या वस्तीतली माणसं सरकारी कागदावर अल्पसंख्य होती. जिन्यात, नळावर आणि दवाखान्याच्या रांगेत मात्र ती इतकी होती की पाय ठेवायला जागा मिळायची नाही. त्या वस्तीतून शिकून मोठ्या इस्पितळात लागलेली एकच, ती सिस्टर. अठरा वर्षं तिने म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काढली. अंग पुसा, कूस बदला, शिव्या खा, आणि कोणी गेलं की चादर बदला. शिव्या ती हसत खायची. "शिव्या देतोय ना, म्हणजे अजून दम आहे," म्हणायची.

चाळिशी उलटल्यावर तिच्या नशिबी संशोधक होणं आलं. म्हाताऱ्यांच्या आरोग्यावर अभ्यास करणारे सगळे बाहेरचे, त्यांना लोक मोकळेपणाने काही सांगत नाहीत, तेव्हा अशा समाजांतलीच माणसं तयार करू, असं एका संस्थेने ठरवलं. विचार चांगला होता, उगाच नावं कशाला ठेवा? सहा जणांत सिस्टरची निवड झाली. शिकवणाऱ्या मॅडम जीव ओतून शिकवायच्या. घरं कशी निवडायची, प्रश्न कसा विचारायचा आणि सगळ्यांत मोठा नियम, समोरचा सांगेल तेच लिहायचं. आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही.

सिस्टरला त्या प्रमाणपत्राची डोंबलाची हौस नव्हती. तिचा डोळा दुसरीकडेच होता. चार वस्त्यांत सर्वेक्षण व्हायचं होतं, आणि जिथे म्हाताऱ्यांची सांधेदुखी सगळ्यांत जास्त निघेल तिथे संस्था दवाखाना काढणार होती. आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर, व्यायाम करून घेणारी बाई, आणि ज्यांना उतरता येत नाही त्यांना खुर्चीतून खाली आणणारी दोन माणसं. सिस्टरची आई तिसऱ्या मजल्यावर राहायची. गुडघे असे धरलेले की दोन वर्षांत तिने रस्त्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. "आता खाली जाईन ती चौघांच्या खांद्यावरूनच," असं ती हसत सांगायची. हा दवाखाना आपल्याच वस्तीत आला पाहिजे, बस्स, दुसरं तिला काही नको होतं. तिने आईला शिक्षण, सर्वेक्षण, दवाखाना सगळं एका दमात सांगून टाकलं, आणि आईने मान डोलावली. नात्यातलं माणूस धरायचं नाही, असा नियम असल्यामुळे आईचा फॉर्म भरायचा नव्हता. तरी वस्तीत दुखण्यांची काय कमी? सिस्टर निर्धास्त होती.

पहिलंच घर शिंपीकाकांचं. शिवून शिवून बोटं वाकडी झालेली, शर्टाचं वरचं बटण कायम उघडं.

"काका, गेल्या आठवड्यात सांधे किती दुखले? काहीच नाही तर शून्य, अगदी सोसवेना तर दहा."

"शून्य."

"काका!"

"ठणठणीत आहे मी. हे बघ." काकांनी चहाचा कप उचलून दाखवला. कप लटलट कापत होता, चहा बशीत सांडत होता, आणि काका तिच्याकडे बघून हसत होते. "तू लिही बिनधास्त. घाबरू नकोस."

पुढच्या घरी बेकरीवाली आजी भिंत धरून दारापर्यंत आली. "शून्य लिही," म्हणाली, मग विचार करून म्हणाली, "नाहीतर एक लिही. सगळीकडे शून्य बरं दिसत नाही."

असं घरामागून घर. सिस्टरला वाटलं, आपली माणसं हट्टी, मोडतील पण कण्हणार नाहीत. तिने मॅडमना गाठलं. "मॅडम, ही माणसं लपवतायत. मी डोळ्यांनी बघते ना!"

"तुला दिसतं म्हणून आकडा बदलायचा?" मॅडम म्हणाल्या. "मग तुझ्यात आणि अंदाजपंचे लिहिणाऱ्यात फरक काय राहिला?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. एकशे बारा फॉर्म तिने भरले आणि प्रत्येकाखाली सही केली.

सभागृहात निकाल जाहीर झाला. पुलापलीकडची वस्ती चारही वस्त्यांत तळाला. या समाजातल्या ज्येष्ठांना वेदना फारच कमी आहेत, असं एका विद्वानाने सांगितलं आणि त्याचं कारणही दिलं, रोज जिने चढण्याचा व्यायाम. दवाखाना दुसऱ्या वस्तीला गेला. सिस्टरचं मात्र कौतुक झालं. तिच्या फॉर्ममध्ये एकही रकाना रिकामा नव्हता, म्हणून पहिला क्रमांक. टाळ्या ऐकताना तिला वाटलं, आत्ता इथे कोणाच्या तरी कानाखाली वाजवावी. पण कोणाच्या? सह्या तर तिच्याच होत्या.

घरी येताना पहिल्या मजल्यावर शिंपीकाका पायरीवर धाप टाकत बसले होते. "काय गं, लागला का निकाल?"

"कसला निकाल, काका?"

"तुझ्या परीक्षेचा! तुझ्या आईने खिडकीतून सगळ्यांना निरोप दिला होता. आपली पहिलीच पोर एवढी शिकतेय, आपापली रडगाणी सांगून तिचे मार्क घालवू नका, म्हणाली. तो कप उचलताना माझा जीव गेला होता, माहितेय?"

सिस्टर तिथेच खाली बसली. "काका, खरं किती दुखतं?"

"आता कशाला विचारतेस? दहाच्या वर काही आहे का तुमच्यात?"

तिने तिथूनच मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "आता आकडे बंद झाले गं. पुढचं सर्वेक्षण तीन वर्षांनी. पण हे सगळं लिहून काढ, फार महत्त्वाचा मुद्दा आहे. यावर छान लेख होईल."

वरातीमागून घोडं, आणि त्याचाही लेख! सिस्टर उरलेले जिने तणतणत चढली. आज आईला सोडायचं नाही. अगं, कोणी सांगितला होता तुला हा शहाणपणा, कोणाला विचारलंस, असं तोंडावर विचारायचं, असं ठरवूनच तिने दार ढकललं.

आई खाटेवर नव्हती. भिंतीला धरून, कपाळावर घाम, ती दारापर्यंत चालत आली होती.

"पास झालीस ना?"

सिस्टरने पुढे होऊन आधी तिला आधार दिला.

"झाले," ती म्हणाली. "पहिली आले."

"मला माहीतच होतं!" आईने तिच्या खांद्यावर सगळा भार टाकला. "आता तुझ्या शब्दाला वजन आलं. उद्याच जा आणि त्यांना सांग, दवाखाना लवकर काढा म्हणावं. तुझं नाही ऐकणार तर कोणाचं ऐकतील?"

सिस्टरने "हो" म्हटलं आणि आईला धरून पाऊल पाऊल खाटेकडे नेऊ लागली.