चिनी घास, जपानी माल

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांना सांभाळायला मी सासरहून कोरीटला आले. दाट पेज त्यांच्या घशाखाली उतरे, पाणी मात्र उतरत नसे. घोट घेतला की ठसका, डोळे पांढरे, आणि माझा जीव टांगणीला. आणि तहान काही पेजेनं भागत नाही.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी चिनी घास सांगितला. दिसायला वाळक्या, पांढुरक्या दोऱ्यांची जुडी. समुद्रातल्या शेवाळापासून तो करतात, सुरतेचे हलवाई मिठाई घट्ट करायला वापरतात, असं ते म्हणाले. दोऱ्या भिजवायच्या, विरघळेपर्यंत उकळायच्या, गाळून ते पाणी परातीत ओतायचं. गार झालं की पाणी थिजे. सुरीनं कापलेला तुकडा जिभेवर ठेवला की वडील तो ठसका न लागता गिळत. पहिला तुकडा गिळला तेव्हा ते हसले, अर्ध्याच तोंडानं. मला रडू फुटलं.

“पानी कापीसन खावानं!” काका म्हणाले. “आसं मी बी कधी देखं नही.”

गावातल्या बायका मुद्दाम परात बघायला येत आणि माझी थट्टा करत. करू देत. वडिलांची तहान भागत होती, मला बाकी कुणाची पर्वा नव्हती.

मग इंग्रजांची जपानशी लढाई जुंपली. ऐन उन्हाळ्यात घरातली जुडी संपली, म्हणून काका आणि मी बैलगाडीनं नंदुरबारला गेलो. जपानचा माल बंद झालाय, असं दुकानदार म्हणाला. काका भडकलेच.

“शेठ, जपानना माल आमले नकोच शे. चिनी घास दे, चिनी!”

“नाव चिनी शे, भाऊ. माल जपानना शे. तठून आते काहीच येत नही.”

काकांना वाटलं, हा माल दडवतोय. मीही तावातावानं भांडले. नावातच चीन असताना जपान मध्ये आला कुठून? पण पुढच्या दुकानातही तेच उत्तर मिळालं. परतताना काका बैलांवरच ओरडत राहिले.

घरी मी डिंक भिजवला, जवस उकळले. सगळं चिकट झालं, थिजलं काहीच नाही. वडिलांनी ते थुंकून टाकलं. कुठल्या समुद्रावर कोण लढतंय आणि पाण्यावाचून तडफडतोय माझा बाप, या विचारानं मला संताप आला. पण संतापानं काय होणार?

दुपारी त्यांनी माठाकडे बोट केलं.

“पानी दे व, माय.”

लेकीला ते मायच म्हणत. मी ओलं फडकं त्यांच्या ओठांना लावलं. त्यांनी ते दातांत धरलं आणि चोखू लागले. जास्त ओलं करावं तर ठसक्याची भीती. इतकी हतबल मी आयुष्यात कधी झाले नव्हते. दुसरं टोक हातात धरून मी बसून राहिले. फडकं कोरडं पडलं तरी त्यांनी ते सोडलं नाही.